गुरगुर कुठे गेली?

आमचे भावोजी चहा पिण्याआधी कपाचा कान हलवून बघतात. कान घट्ट आहे अशी खात्री पटली की मगच कप उचलतात. खुर्चीवर बसण्याआधी तिची पाठ दाबून बघतात, आणि लिफ्टमध्ये शिरताना आधी एक पाय आत टाकून क्षणभर थांबतात, जणू लिफ्टच त्यांना सोडून पळणार आहे. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, सगळ्यांसमोर म्हणते की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ह्यांनी अजून मला चाचणीवरच ठेवलंय, कायम केलेलं नाही.

भावोजी पेशाने साउंडवाले. सभागृहात गाण्याचा कार्यक्रम असला की मंचावरचे माइक, वायरी, स्पीकर आणि प्रेक्षकांच्या पार मागे मांडलेलं ते बटणांचं लांबलचक टेबल, हे सगळं त्यांचं. तरुणपणी ते स्वतः गिटार वाजवत. मग एकदा वाजवायचं सोडून टेबलामागे गेले ते गेलेच. का गेले ह्याच्या दोन कथा आमच्या घरात आहेत. ताईच्या मते त्यांच्या भागीदाराने सामान घेऊन पोबारा केला, तेव्हापासून ह्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला. आमच्या ह्यांचं मत साधं आहे: काही माणसं जन्मतःच दाईचा हात तपासून बाहेर येतात, त्यातले ते. खुद्द भावोजींना विचारलं तर ते उलट विचारतात, "कोणी विचारायला सांगितलं?"

ताईच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची एक खोली आहे. खिडकी एकच, तीही मागच्या भिंतीकडे तोंड करून. आत भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर गुंडाळलेल्या वायरी, प्रत्येक वायरीला रंगीत दोरा. वायर गुंडाळण्याची त्यांची एक पद्धत आहे, एक वेढा वरून आणि एक खालून, आणि तशी दुसऱ्या कोणाला जमत नाही असं त्यांचं म्हणणं. कोणी मदत म्हणून कोपराभोवती वायर गुंडाळली तर ते काही न बोलता ती सोडतात आणि पहिल्यापासून गुंडाळतात. माणसाला ते बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

त्या खोलीतलं कपाट मात्र कुलपात. त्यात त्यांचे खोके. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढे, लोखंडी, कोपरे घासलेले. ह्यांना डायरेक्ट बॉक्स म्हणतात, साउंडवाले नुसतं डी. आय. म्हणतात, आणि भावोजी खोका म्हणतात. प्रत्येक खोका जुन्या मोज्यात घालून ठेवलेला. ताईच्या घरात जोडीचा मोजा सापडत नाही तो ह्याच कारणाने.

माझ्या लेकीने बेस गिटार वाजवायला सुरुवात केली तेव्हा हे खोके माझ्या आयुष्यात आले. बेस म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरातली गिटार; लोकांना ती ऐकू येते त्यापेक्षा पोटात जास्त जाणवते. लेक कॉलेजातल्या मुलांच्या एका बँडमध्ये वाजवते आणि मागे उभी राहून गातेही. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाला साउंड भावोजींचा होता. माझ्या लक्षात आलं की तिच्या गिटारची वायर थेट तिच्या अॅम्पला, म्हणजे मंचावरच्या तिच्या स्पीकरच्या पेटीला, जात नाही. आधी भावोजींच्या खोक्यात शिरते. तिथून एक वायर अॅम्पला आणि दुसरी मागच्या टेबलाकडे. मला ते बरं वाटलं नाही. पोरीच्या आणि तिच्या आवाजाच्या मध्ये हे कशाला बसलेत?

दुसऱ्या दिवशी जेवताना मी विचारलं. भावोजी भाताचा घास आधी नीट बघून मग तोंडात घालत होते. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. गिटारचा आवाज म्हणजे कुजबुजत बोलणारं माणूस. शेजारी बसलेल्याला ऐकू जातं, म्हणून घरात, अॅम्प हाताशी असताना, लहान वायर पुरते, खोक्याची गरज नाही. पण सभागृहात टेबल पार मागे असतं. तेवढ्या लांब वायरीतून ही कुजबूज पाठवली की वाटेत तिचा दम जातो, वरची धार झडते, आणि दिव्यांची, पंख्यांची, आजूबाजूच्या विजेची गुरगुर तिला चिकटते. खोका त्या आवाजाचे दोन जुळे करतो. एक सुलटा, एक उलटा. दोघे शेजारी शेजारी चालत जातात आणि वाटेतला कचरा दोघांना सारखाच चिकटतो. टेबलावर पोचले की एकातून दुसरा वजा करायचा. कचरा जातो, आवाज उरतो. माइकचं तसं नाही, तो मुळातच जुळ्या वायरीवर चालतो, म्हणून त्याला खोका लागत नाही. बेस, कीबोर्ड, आत पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारी पट्टी, बसवलेली गिटार, ह्यांना लागतो.

"आणि ते बारीक बटण कसलं?" मी विचारलं.

भावोजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कोणाच्या तरी सांगण्यावरून आले आहे. मग म्हणाले, "ते गुरगुरीचं."

अॅम्पचा प्लग मंचावरच्या सॉकेटात, टेबलाचा मागच्या. दोघांची अर्थिंग आपापल्या जागी. गिटारची वायर त्या दोघांना जोडते आणि एक वेटोळं तयार होतं. त्या वेटोळ्यातून "घूंऽऽ" असा आवाज येतो. खोक्यावरचं बटण दाबलं की वायरीतला जोड तुटतो, वेटोळं सुटतं, गुरगुर थांबते. भिंतीतली अर्थिंग मात्र जागच्या जागी. "भिंतीतली जिवासाठी," ते म्हणाले, "वायरीतली तोडली तर चालते. ह्यात गल्लत करणारा माणूस माझ्या मंचावर पुन्हा येत नाही."

त्यांची रीत अशी. खोका लावायचा, बटण वर ठेवायचं, गुरगुर ऐकायची. ती आली की मान हलवायची, मग बटण दाबायचं. दुसरा कोणी आधीच बटण दाबून मोकळा होईल. भावोजी आधी गुरगुर ऐकणार. मी तेव्हा मनात म्हटलं, ह्या माणसाला चांगलं काही ऐकवतच नाही.

ह्या वर्षी लेकीच्या आयुष्यात ती गोष्ट आली जिच्यामुळे माझी झोप उडाली. गावोगाव कार्यक्रम करणारी एक मोठी मंडळी आहे, त्यांची बेस वाजवणारी बाई सोडून गेली. मंडळीच्या मुख्य बाईंनी लेकीला आधी रेकॉर्डिंग पाठवायला सांगितलं. आवडलं तर स्वतः येऊन ऐकेन, आणि पसंत पडली तर सोबत नेईन. लेक त्या दिवशी घरात चालत नव्हती, तरंगत होती. मला आनंद झाला नाही असं नाही. पण सोबत म्हणजे कोणासोबत, कुठे, कोणत्या खोलीत झोपणार, दाराला कडी असेल की नाही, हे प्रश्न आनंदाच्या आधी आले.

मुलं सरावाच्या खोलीत रेकॉर्डिंग करायला बसली. अॅम्पच्या मागच्या भोकातून वायर थेट रेकॉर्डिंगच्या मशीनला लावली, आणि घूंऽऽ. सगळ्या गाण्याखाली घूंऽऽ. लेक भावोजींकडे गेली, थोड्या दिवसांसाठी एक खोका द्या म्हणाली. भावोजी म्हणाले, "खोका माझ्यासोबत जातो, माझ्यासोबत येतो." लेकीने ताईकडून वशिला लावला. ताई म्हणाली की अगं, मला स्वतःला त्या कपाटाची किल्ली कधी दिसलेली नाही, तुला कुठून देऊ. शेवटी मी स्वतः फोन केला. त्यांनी विचारलं, खोका कोणाच्या हातात राहणार, त्या खोलीला कुलूप कोणाचं, तो लांब केसांचा गिटारवाला तिथे असतो का. असतो म्हटलं. मग नाही म्हणाले.

तो लांब केसांचा गिटारवाला मलाही आवडत नव्हता, हे इथे सांगायला हवं. मी त्याला मनातल्या मनात झिपऱ्या म्हणत असे. आमच्या घरी आला की बूट दारात असे काढतो की येणाऱ्याने अडखळावं. तरीही त्या दिवशी मला भावोजींचा राग आला. सख्ख्या मेहुणीच्या पोरीसाठी मोज्यातली एक डबी देववत नाही.

पुढच्या आठवड्यात लेक रेकॉर्डिंग घेऊन आली. गुरगुर नव्हती. बेस कसा स्वच्छ, तळ दिसणाऱ्या पाण्यासारखा. मी विचारलं, खोका मिळाला का? "नाही गं, जमलं असंच," म्हणाली आणि आंघोळीला गेली. रेकॉर्डिंग मुख्य बाईंना आवडलं. त्या येणार असं ठरलं, तारीख ठरली, सभागृह ठरलं, आणि साउंड अर्थातच भावोजींचा.

मग मुंग्या सुरू झाल्या.

लेक एकदा जेवताना ओठ चोळत होती. मी विचारलं तर म्हणाली, सरावात गाताना ओठांना मुंग्या येतात कधीकधी. रोज नाही. जीवनसत्त्व कमी असेल, रात्रीची जागरणं असतील, नसेचं काही असेल. लिपस्टिक बदलली का विचारलं. ती म्हणाली, आई, मी लिपस्टिक लावत नाही, तुला माहीत आहे. मग मला वाटलं भीती. मोठ्या संधीच्या तोंडावर माणसाला असं होतं म्हणतात. मग वाटलं झिपऱ्या. मुंग्यांचा आणि त्याचा संबंध काय हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं, पण संशयाला पुरावा लागत नाही, फक्त जागा लागते. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जीभ बघितली, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही फरक पडला नाही. मी तिच्या सरावाच्या दिवसांवर नजर ठेवू लागले. रेकॉर्डिंग असेल त्या दिवशी ठीक असायची. नुसता सराव असेल त्या दिवशी ओठ चोळत यायची. ह्यात काय गुपित आहे मला उलगडेना. रेकॉर्डिंगच्या दिवशी बँडमधले सगळे हजर असतात आणि बाकी दिवशी बहुधा ही आणि झिपऱ्या दोघंच, एवढं मी शोधून काढलं, आणि त्याने माझी काळजी कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

"काकांना सांगू नकोस हं," ती म्हणाली होती.

काकांना म्हणजे भावोजींना. ओठांच्या मुंग्या भावोजींना का सांगायच्या नाहीत? बापाला सांगितलं तर चालेल, मावशीला चालेल, शेजारणीला चालेल, फक्त काकांना नाही. मी हो म्हटलं, पण ते वाक्य माझ्या डोक्यात सुईसारखं राहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी तिचे बूट घेऊन सभागृहात गेले. बूट हे निमित्त. आत अंधार, मंचावर तेवढे दिवे. रिकाम्या खुर्च्यांवर कापडाचा आणि धुळीचा वास. भावोजी मागच्या टेबलापाशी, कानाला हेडफोन. लेक मंचावर बेस गळ्यात घालून उभी, समोर माइक. झिपऱ्या तारा लावत होता. मुख्य बाई अजून आल्या नव्हत्या.

भावोजी मंचावर गेले, खोका मोज्यातून काढला, लेकीच्या वायरी लावल्या, बटण वर ठेवलं आणि टेबलाकडे परत आले. मला त्यांची रीत माहीत होती, म्हणून मीही थांबले. आता घूंऽऽ येणार, मग ते मान हलवणार.

काही आलं नाही.

त्यांनी टेबलावरचं एक बटण वर सरकवलं. आणखी वर. सभागृह शांत. लेकीने एक तार छेडली, आवाज छान आला, आणि पुन्हा शांतता. भावोजींनी हेडफोन काढून त्याच्याकडे बघितलं, पुन्हा घातला. मग सावकाश मंचाकडे चालत गेले आणि म्हणाले, "गुरगुर कुठे गेली?"

पोरं हसली. झिपऱ्या म्हणाला, काका, गुरगुर येत नाही म्हणून तक्रार करणारा साउंडवाला पहिल्यांदा बघितला. भावोजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ह्याच मंचावर, ह्याच सॉकेटात, ह्याच अॅम्पला दर वेळी गुरगुर येते, ते म्हणाले, आज नाही म्हणजे कोणीतरी काहीतरी केलंय. कोणी केलंय? मग त्यांनी टेबलावरचा मुख्य आवाजच बंद केला. शोधल्याशिवाय कोणी वाजवायचं नाही.

तेवढ्यात मुख्य बाई आल्या. उंच, पांढरे केस कापलेले, हातात कागदी कपातली कॉफी. पहिल्या रांगेत बसल्या. भावोजींनी त्यांना नमस्कार केला नाही. खाली वाकून वायरी चाचपत राहिले. मंचावर सगळे खांबासारखे उभे. माझी लेक पांढरी पडलेली. वेळ जात होता, मुख्य बाईंनी एकदा घड्याळ बघितलं, आणि माझ्या मनात इतके दिवस साठलेलं सगळं एकदम वर आलं. खोका न देणं, प्रत्येक गोष्टीत खोड काढणं, आणि आता हा ऐनवेळचा तमाशा. ह्या माणसाला पोरगी जायलाच नको आहे. मंचाच्या कडेला जाऊन मी हळू आवाजात म्हटलं, "भावोजी, स्पष्ट सांगा. तिला जाऊ द्यायचं नाहीये का तुम्हाला?"

त्यांनी मान वर केली. रागावले असतील असं वाटलं होतं, पण चेहऱ्यावर राग नव्हता. घाबरलेले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना संशयी बघितलं होतं, घाबरलेलं नाही.

"मेहुणीबाई," ते म्हणाले, "वाजवताना हिला कधी काही होतं का? चावतं, झिणझिण्या येतात, असं कधी बोलली?"

मी लेकीकडे बघितलं. तिने मान अगदी बारीकशी हलवली. नाही. सांगू नकोस. मी वचन दिलं होतं. मुख्य बाई पहिल्या रांगेतून बघत होत्या, आणि मी बोलले तर पोरीची संधी हातची जाईल हे मला कळत होतं. पण ते सुईचं टोक तेवढ्यात मला नीट टोचलं: काकांना का नाही?

"ओठांना मुंग्या येतात," मी म्हटलं. "माइकवर गाताना."

लेकीने डोळे मिटले. भावोजी म्हणाले, "गिटारवरून हात काढ. माइकपासून लांब हो." तिने हात काढले. त्यांनी खोक्याची अॅम्पकडे जाणारी वायर उपटली, खिशातून टेस्टर काढला आणि त्याचं टोक अॅम्पच्या लोखंडी कोपऱ्याला टेकवलं. टेस्टरमध्ये केशरी ठिपका पेटला. बारीक, उदबत्तीच्या टोकाएवढा. मी विजेतलं फारसं शिकलेले नाही, पण पेटीच्या बाहेरच्या लोखंडात दिवा लागायला नको एवढं मलाही कळतं.

त्यांनी प्लग भिंतीतून काढला. दिसायला तीन पिनांचा, अगदी साळसूद. स्क्रू फिरवून उघडला. आत तिसरी वायर पिनेपासून सोडवून मागे दुमडलेली होती, आणि तिच्या टोकाला पट्टी बांधलेली होती. जखमेवर लावतात ती चिकटपट्टी. पिवळी, तिच्यावर बदकांची चित्रं.

ढोलवाला मुलगा फिसकन हसला. भावोजी झिपऱ्याकडे वळले आणि त्याला जे बोलायला लागले ते मी इथे लिहीत नाही. अर्थिंग तोडलीस, गुरगुर घालवायला माणूस मारायला निघालास, असा त्याचा मथितार्थ. झिपऱ्या म्हणत राहिला की काका, मी हात लावलेला नाही. भावोजी ऐकेनात. आणि मी, जिला तो मुलगा डोळ्यासमोर नको होता, गप्प उभी होते, कारण ती बदकं मला ओळखू आली होती. लेक लहान असताना गुडघे फोडून घ्यायची म्हणून मी ती पाकिटं आणत असे. शेवटचं पाकीट अजून आमच्या औषधांच्या खणात आहे.

मी तोंड उघडणार तोच लेक म्हणाली, "त्याला नका बोलू. मी केलंय."

रेकॉर्डिंगमधली गुरगुर जात नव्हती, ती म्हणाली. कुठेतरी वाचलं की अर्थिंग सोडली की जाते. सोडली, आणि गेली. नुसती वायर उघडी कशी ठेवायची म्हणून पट्टी लावली. मुंग्या येऊ लागल्या तेव्हा कळलं असावं बहुतेक, पण रेकॉर्डिंग आवडलं होतं, तारीख ठरली होती, आणि काकांना सांगितलं तर ते मंचावर पुन्हा येऊ देत नाहीत हे माहीत होतं.

"ज्या दिवशी रेकॉर्डिंग, त्या दिवशी मुंग्या नाहीत," मी म्हटलं. भावोजींनी माझ्याकडे चमकून बघितलं. त्या दिवशी रेकॉर्डिंगच्या मशीनची वायर अॅम्पला लागलेली असते, ते म्हणाले, अर्थिंग त्या वायरीतून मिळते. बाकी दिवशी अॅम्प अर्थिंगविना लोंबकळत. हात तारांवर, ओठ माइकवर, आणि वीज मधून जायला मोकळी. आज त्यांनी गुरगुर न ऐकताच सवयीने बटण दाबलं असतं तर इथेही तेच झालं असतं. अॅम्पच्या आत आणखी काही बिघडलं असतं तर मुंग्यांवर निभावलं नसतं. हे शेवटचं वाक्य ते पोरीला नाही, प्लगला सांगत होते.

"मग मागायचा होतास खोका," ते म्हणाले.

"मागितला होता, काका."

भावोजींनी बदकांची पट्टी सोडवली आणि खिशात ठेवली. वायर पिनेत घातली, स्क्रू आवळला, ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. प्लग भिंतीत घातला, टेस्टर लावला, ठिपका पेटला नाही. मग खोका जोडला. ह्या वेळी ते टेबलाकडे गेले नाहीत. मंचावरच उभे राहिले आणि टेबलाजवळ उभ्या असलेल्या सभागृहाच्या माणसाला आवाज वर करायला सांगितला.

घूंऽऽ. सगळ्या सभागृहात, रिकाम्या खुर्च्यांत, माझ्या दातांत.

"ऐक," ते लेकीला म्हणाले, "ही आली म्हणजे अर्थिंग जागेवर आहे." तिने ऐकलं. "आता तू दाब."

तिने पायाशी वाकून बटण दाबलं. गुरगुर गेली.

तिने वाजवलं. कसं वाजवलं ते मी सांगू शकत नाही. मी तिच्या ओठांकडे बघत होते. वाजवून झाल्यावर मुख्य बाई उठून मंचापाशी आल्या. पोरीशी बोलतील असं मला वाटलं, पण त्या भावोजींपाशी थांबल्या. आमच्या मंडळीत वायरी खूप, त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक गावी सॉकेट वेगळं. जी मुलगी गुरगुरीसाठी अर्थिंग तोडते तिला मी कशी नेऊ? तुम्ही हिचे काका. हिच्यावर विश्वास ठेवाल का?

मला वाटलं, संपलं. ज्याने कपाच्या कानावर कधी विश्वास ठेवला नाही त्याला हे विचारतायत.

भावोजींनी खोक्याची वायर ओढून बघितली. "विश्वास नाही ठेवणार," ते म्हणाले. "पण आता हिच्या मनात शंका बसली आहे. माझ्या मते ते जास्त टिकतं."

मुख्य बाई हसल्या नाहीत. त्यांनी पोरीला पुढच्या महिन्याच्या तारखा सांगितल्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भावोजी आमच्याकडे आले. कपाचा कान हलवून चहा प्यायले. जाताना दारात त्यांनी लेकीच्या हातात एक मोजा ठेवला, जड. वर हिरवा दोरा. "हरवलास तर बघ," असं काहीतरी पुटपुटले, आणि झिपऱ्याने दारात काढलेले बूट पायाने बाजूला सारून निघून गेले. झिपऱ्या तिचं सामान उचलायला आला होता. मीही त्याला चहा दिला. अजून आवडतो असं नाही, पण प्लगच्या बाबतीत तो निर्दोष होता हे मान्य करायला हवं.

आता ती परगावी असते. भावोजी मला दर दोन दिवसांनी फोन करतात आणि खोका कसा आहे विचारतात. पोरगी कशी आहे हे विचारत नाहीत. मी पोरीची खबर सांगते, ते ऐकून घेतात आणि म्हणतात, बरं, म्हणजे खोका ठीक आहे. ताई म्हणते की आजकाल रात्री उठून कपाटाचं कुलूप बघायचे ते बंद झालंय. माझा त्यावर विश्वास नाही.

मी कार्यक्रमाच्या आधी लेकीला फोन करते. आधी मी विचारायचे, ओठांना मुंग्या येत नाहीत ना? ती नाही म्हणायची. पण ही पोरगी एकदा "जमलं असंच" म्हणून आंघोळीला गेलेली आहे. म्हणून आता मी विचारत नाही. मी म्हणते, आधी गुरगुर ऐकव.

ती वैतागते. मागे कोणीतरी हसतं, हिच्या आईचा फोन आहे असं म्हणतं. मग ती फोन अॅम्पपाशी धरते. दूरच्या, मी कधी न बघितलेल्या सभागृहातून ती घूंऽऽ माझ्या स्वयंपाकघरात येते, चांगली जाड, घाणेरडी. मी गॅसपाशी उभी राहून पूर्ण ऐकते.

"ऐकलीस?" ती विचारते.

"ऐकली. आता दाब."